हं, यस आणि ओके

"लेट्स होल्ड ऑफ सेंडिंग इट टिल थर्सडे."

हे वाक्य मला आजही त्या आवाजासकट पाठ आहे, कारण पुढे कित्येक दिवस ते कानात वाजत राहिलं. त्या दिवशी फोनवर मात्र मला त्यातलं निम्मंच ऐकू आलं होतं. 'सेंडिंग इट' ऐकू आलं, 'थर्सडे' ऐकू आलं. 'होल्ड ऑफ' कानावरून घसरून गेलं आणि ते काय होतं हे विचारायचा धीर गोळा होईपर्यंत पलीकडे शांतता पसरली. फोनवरची शांतता फार वाईट. समोर माणूस दिसत नाही, त्यामुळे ती शांतता आपल्याकडेच रोखून बघतेय असं वाटत राहतं. मी ती भरून काढली. म्हणाले, "यस, यस. ओके."

आणि फाइल लगेच पाठवून दिली. गुरुवारच्या आत हवी असणार, असा माझा समज. फोनवरचा माणूस सांगत होता की गुरुवारपर्यंत थांब, आकडे बदलायचे आहेत. जुने आकडे जिथे पोचायला नको होते तिथे पोचले आणि माझे दोन दिवस सारवासारव करण्यात गेले. आरडाओरडा कुणी केला नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "बट यू सेड ओके." पण तू ओके म्हणालीस ना. ह्यावर काय बोलणार? म्हणाले होते खरी.

माझं इंग्रजी तसं वाईट नव्हतं, हे आधी सांगून टाकते. बाराही काळ यायचे. पॅसिव्ह व्हॉइस झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. लिहायला दिलं की वेळ घेऊन, खाडाखोड करून नीट लिहायचे. एखाद्या विषयावर तीन मिनिटं बोल म्हटलं असतं तर पाठ करून का होईना, बोलले असते. अडायचं ते दुसरं माणूस तोंड उघडायचं तेव्हा. पाठ केलेल्या भाषणात मध्येच कुणी प्रश्न विचारत नाही, विषय बदलत नाही, अर्धं वाक्य गिळत नाही. बोलाचालीत हे सगळं दर अर्ध्या मिनिटाला होतं, आणि त्यासाठी माझ्याजवळ एकच हत्यार होतं. 'यस'.

त्या फाइलच्या प्रकरणानंतर ओळखीतल्या एका मॅडमकडे जायला लागले. इंग्रजी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मला वाटलं होतं पहिल्या दिवशी व्याकरणाची परीक्षा घेतील. त्यांनी मराठीत एकच प्रश्न विचारला.

"समजलं नाही की तू काय म्हणतेस?"

"कुणाला?"

"समोरच्याला. इंग्रजीत."

मी खरं ते सांगितलं. "काहीच नाही म्हणत, मॅडम. हसते."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग वही उलटी धर आणि मागच्या पानापासून लिही."

त्या मागच्या पानावरची पहिली वाक्यं बघून माझी जरा निराशाच झाली. 'सॉरी?' 'आय डिडन्ट क्वाइट कॅच दॅट.' 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' 'कुड यू स्लो डाउन अ लिटल?' 'व्हॉट डू यू मीन बाय होल्ड ऑफ?' ह्यातला एकही शब्द मला नवा नव्हता. ही तर पहिल्या यत्तेतली वाक्यं! पुढे कळलं की माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. भाषेच्या पातळ्या ठरवणारी जी युरोपीय चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात 'समजलं नाही तर पुन्हा सांगायची साधी विनंती करता येते' हे कौशल्य 'ए २' पातळीला, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीवर ठेवलंय. मी स्वतःला चौथ्या पायरीवर समजत होते आणि दुसरी पायरी मी ओलांडलेलीच नव्हती. उडी मारून वर गेले होते.

आणि गंमत म्हणजे ही वाक्यं मला येत होती, पण तोंडातून बाहेर पडत नव्हती. वहीत बघून खडखडीत म्हणायचे. फोन वाजला की संपलं.

असं का व्हावं, ह्याचं एक उत्तर मला पुढे वाचनात मिळालं आणि ते वाचून फार हलकं वाटलं. २००९ साली संशोधकांनी जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा तपासल्या. एकानं प्रश्न विचारून संपवला की दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, तर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडं कमीजास्त, पण आसपास तेवढंच. आता दुसरी गोष्ट अशी की चित्र दाखवून त्याचं नाव सांगायला लावलं, अगदी एक शब्द, तरी माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हिशेब जुळत नाही ना? तो जुळतो, कारण आपण समोरच्याचं ऐकता ऐकताच उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. मायबोलीत हे दोन्ही डबे एकाच वेळी चुलीवर असतात. परक्या भाषेत माझं सगळं इंधन ऐकण्यातच संपायचं. त्याचं वाक्य संपलं की माझ्याकडे उत्तर नसायचं, उत्तराची सुरुवातही नसायची आणि वेळ असायचा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. एवढ्यात जे हाताला लागेल तेच बाहेर पडणार. माझ्या हाताला 'यस' लागायचं.

मॅडमचं औषध साधं होतं. "ही वाक्यं जिभेला पाठ होऊ देत, डोक्याला नकोत." मी कपडे वाळत घालताना म्हणायचे, जिना चढताना म्हणायचे, बातम्या लावून निवेदकाच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' असं दटावायचे. घरच्यांनी पहिले काही दिवस काळजीने बघितलं, मग सोडून दिलं.

विचारण्यातही एक गोम आहे. 'काय?' हा आपला शब्द किती निरुपद्रवी! आपलं माणूस काही बोललं आणि ऐकू आलं नाही की आपण 'काय?' म्हणतो, त्यात राग नसतो की उर्मटपणा नसतो. तोच उचलून मी इंग्रजीत 'व्हॉट?' करून ठेवला होता. अनोळखी माणसाला ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं, विशेषतः आवाज खाली पडला तर. आवाज वर नेऊन 'सॉरी?' म्हटलं की तेच काम गोडीत होतं. इथे 'सॉरी'चा माफीशी काही संबंध नाही, हे पचायला मला वेळ लागला. सुरुवातीला मी खरोखरच अपराधी चेहरा करून 'सॉरी' म्हणायचे, मग समोरचा म्हणायचा 'नो, नो, इट्स फाइन' आणि पुन्हा सांगायचं राहूनच जायचं.

आणि 'अं?' तो तर जगाचाच शब्द निघाला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की ऐकू आलं नाही तर काढायचा हा प्रश्नार्थक हुंकार डच, इटालियन, रशियन, मँडरिन, लाओ अशा अगदी वेगवेगळ्या भाषांमध्येही जवळजवळ सारखाच आहे. एकच अक्षर, तोंड फारसं न हलवता काढता येणारं, आणि शेवटी प्रश्न. ह्या कामाला २०१५ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन. मला तर आधी विचार करावासा वाटला. जगातल्या इतक्या माणसांना इतक्या वेळा ऐकू येत नसेल, त्याशिवाय त्याला एवढा घोटून गुळगुळीत झालेला शब्द तयार होईल का?

त्याच मंडळींचा पुढचा अभ्यास, २०१५ सालचा, बारा भाषांवरचा आहे. आपापल्या भाषेत, आपापल्या माणसांशी निवांत बोलणारे लोक सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा समोरच्याला थांबवून विचारतात, काय म्हणालास, कोण म्हणालास, म्हणजे कसं. दर दीड मिनिटाला! आणि मी अर्ध्या अर्ध्या तासाचे फोन एकदाही न विचारता पार पाडायचे आणि त्याचा अभिमान बाळगायचे.

ह्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला मॅडमनी आधीच, अभ्यासाचं नाव न घेता, शिकवली होती. नुसतं 'सॉरी?' म्हटलं की समोरचा सगळं वाक्य पुन्हा म्हणतो, बहुतेक वेळा तेवढ्याच वेगानं, फक्त जास्त मोठ्यानं. म्हणजे तुम्ही बहिऱ्या आहात, असं त्यानं ठरवलेलं असतं. त्यापेक्षा जेवढं कळलंय तेवढं धरून ठेवायचं आणि जे निसटलं तेवढंच मागायचं. 'सॉरी, सेंड इट टू हूम?' 'बाय व्हेन, डिड यू से?' 'थर्टीन्थ ऑर थर्टीएथ?' लोक आपल्या भाषेतही हेच करतात. शक्य असेल तितका नेमका प्रश्न विचारतात, अगदीच काही हाती नसेल तर 'अं?' वर येतात.

ह्या नेमक्या प्रश्नानं माझं आयुष्य बदललं असं म्हणणार नाही, पण फोनवरचा माझा आवाज बदलला. कारण 'थर्टीन्थ ऑर थर्टीएथ?' असं विचारणारी बाई अडाणी वाटत नाही, चोख वाटते. जिला बाकी सगळं कळलंय आणि जी फक्त खात्री करून घेतेय, अशी. प्रत्यक्षात मला बाकीचंही निम्मंच कळलेलं असायचं, पण तो पुढचा प्रश्न. एकेक करून तोही विचारता यायचा.

ह्याच्याच पुढची पायरी म्हणजे आपल्याला जे समजलंय ते आपल्या शब्दांत समोर ठेवणं. 'सो यू मीन, वी वेट टिल थर्सडे?' 'लेट मी सी इफ आय हॅव दिस राइट.' मी त्या दिवशी एवढंच म्हटलं असतं, 'सो आय सेंड इट नाऊ?' तर तो 'नो, नो' म्हणाला असता आणि हा लेख झालाच नसता.

पण त्या दिवशी मी 'ओके' का म्हणाले, हा माझा मूळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर भीती किंवा लाज एवढंच नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. मॅडमनी एकदा आमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि मलाच ऐकवलं. त्या काहीतरी लांबलचक सांगत होत्या आणि मी मध्ये मध्ये म्हणत होते, "यस... यस... यस यस... ओके... यस." दीड मिनिटात मी अकरा वेळा 'यस' म्हणाले होते.

"कशाला हो म्हणतेयस एवढं?" मॅडमनी विचारलं. "मी तुला लग्नाचं विचारलं नाहीये."

मी म्हटलं, "'हो' म्हणत नाहीये मॅडम, ऐकतेय म्हणून सांगतेय."

आणि तिथे माझं मलाच लख्ख दिसलं. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. 'हं... हं... बरं... हं, मग?' त्याशिवाय सांगणाऱ्याला पुढे जाववत नाही. फोनवर दोन वाक्यं हुंकार आला नाही तर आपण लगेच म्हणतो, 'ऐकतेयस ना?' हा 'हं' म्हणजे पोचपावती. पत्र मिळालं, एवढंच. पत्रातला मजकूर मान्य आहे, असं पोचपावतीत कुणी लिहीत नाही. मी ह्या 'हं'चं भाषांतर 'यस' असं करत होते. 'हं' म्हणजे पोचलं, 'यस' म्हणजे पटलं किंवा कबूल. मी पावती देतेय असं मला वाटायचं आणि त्याला वाटायचं सही केली.

इंग्रजीत हुंकार नाही असं नाही. १९७०पासून भाषाशास्त्रात त्याला 'बॅक चॅनल' म्हणतात, हे नाव व्हिक्टर इंग्वे ह्यांनी दिलं. एक बोलत असतो त्या मुख्य वाटेनं, आणि दुसऱ्याचे बारीकसारीक आवाज मागच्या वाटेनं येत राहतात. तिथले शब्द वेगळे आहेत इतकंच. 'म्‌हम.' 'राइट.' 'आय सी.' 'ओह, रिअली?' 'अहं' आणि 'अहा' मधला फरक तर कानालाच कळतो, लिहून दाखवता येत नाही. मी सगळ्यात आधी 'म्‌हम' उचललं, कारण ते आपल्या 'हं'ची सख्खी बहीण आहे आणि त्याला उच्चार नाही. 'आय सी' जरा सांभाळून वापरते. सपाट आवाजात म्हटलं तर 'कळली हो तुमची लायकी' असा त्याचा सूर लागतो. 'रिअली?' मात्र मी सुरुवातीला गांभीर्यानं घेत असे. कुणी मला म्हटलं 'रिअली?' की मी पुरावे द्यायला बसायचे. तो आपला 'हो का?' आहे, त्याला उत्तर नसलं तरी चालतं.

'ओके' ह्या सगळ्यात अवघड. ते इंग्रजांनाही धड कळलेलं नाही. 'ऐकलं', 'समजलं', 'मान्य', 'बरंय, चला पुढे' आणि 'आता पुरे' ही सगळी कामं तो एकच शब्द करतो.

ह्यावर एक गोष्ट सांगते, पण माझ्या फाइलशी तिची तुलना करत नाही, तो आगाऊपणा होईल. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक होतं बोलण्यातलं. एका विमानाचा डच सहवैमानिक म्हणाला, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ.' त्याचं विमान धावायला लागलेलं होतं. नियंत्रकाला वाटलं, उड्डाणासाठी जागेवर उभे आहेत. तो म्हणाला, 'ओके.' मग किंचित थांबून, 'स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू.' नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून कुणीतरी बोललं, रेडिओवर दोन आवाज एकमेकांवर चढले आणि पहिल्या विमानात स्वच्छ ऐकू गेला तो फक्त 'ओके'.

त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असं ठरलं. नुसत्या 'ओके'वर भागत नाही, महत्त्वाची सूचना वैमानिकाला पुन्हा म्हणून दाखवावी लागते. त्याला 'रीड बॅक' म्हणतात. मला हे वाचून काय वाटलं असेल? की ज्या कामात चूक परवडत नाही तिथल्या माणसांनी माझ्या वहीच्या मागच्या पानासारखंच पान अधिकृतपणे तयार करून ठेवलंय. 'से अगेन.' 'कन्फर्म.' 'स्टँड बाय.' 'करेक्शन.' 'स्पीक स्लोअर.' अगदी 'वर्ड्‌स ट्वाइस' सुद्धा आहे, म्हणजे ऐकू येत नाहीये, प्रत्येक शब्द दोनदा म्हणा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं वैमानिक आणि नियंत्रक ह्यांच्यासाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामासाठी निदान चौथी लागते. त्या पातळीच्या वर्णनात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह हे आहेच, पण शिवाय असंही आहे की गैरसमज झाल्याची शंका आली तर तपासून, खात्री करून किंवा खुलासा मागून तो निस्तरता आला पाहिजे. म्हणजे 'विचारता येणं' ही परवान्याची अट आहे. मला कोणी अशी अट घातली असती तर बरं झालं असतं.

वेळ काढायची वाक्यं हा मागच्या पानावरचा माझा सगळ्यात लाडका भाग. मराठीत मी वेळ कसा काढते ते आधी ऐका. 'ते हे आपलं... म्हणजे कसंय... ते नाही का ते...' ह्यात माहिती शून्य, पण माझी पाळी माझ्याकडेच राहते. कुणी मध्ये घुसत नाही, कारण गाडी चालू असल्याचा आवाज येतोय. इंग्रजीत मी गप्प बसायचे, आणि गप्प बसलं की गाडी बंद पडली असं समजून समोरचा स्वतःच बोलायला लागायचा. 'लेट मी थिंक.' 'हाऊ शॅल आय पुट इट.' 'दॅट्स अ गुड क्वेश्चन' हे मी मुद्दाम टाळते, राजकारण्यांनी त्याची पार चव घालवली आहे. नुसते 'अ' आणि 'अम' सुद्धा कामाला येतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री ह्यांनी २००२ साली मांडलं की इंग्रजी बोलणारे छोट्या थांब्यासाठी 'अ' आणि मोठ्या थांब्यासाठी 'अम' वापरतात, म्हणजे ते आवाजही शब्दांसारखे निवडलेले असतात. मला आयुष्यभर सांगितलं गेलं होतं की बोलताना 'अ अ' करायचं नाही, छाप वाईट पडते. भाषणात पडत असेल. गप्पांत 'अम' म्हणजे 'थांब, मोठं काहीतरी येतंय'.

शब्दच आठवला नाही तर? एकदा मला 'बिजागरी' हवी होती. डोळ्यांसमोर बिजागरी, जिभेवर बिजागरी, आणि इंग्रजीच्या जागी पांढरं पान. पूर्वीची मी असते तर दाराचा विषयच सोडून दिला असता. त्या दिवशी म्हटलं, "व्हॉट डू यू कॉल इट, द मेटल थिंग दॅट होल्ड्‌स अ डोअर, सो इट कॅन ओपन अँड क्लोज?" आणि वर हातानं दार उघडून मिटून दाखवलं. समोरची म्हणाली, "अ हिंज?" हिंज! तो शब्द मी आता मरेपर्यंत विसरणार नाही. शब्दकोशात बघितलेले किती 'हिंज' आले नि गेले, पण हा मी स्वतः मागून मिळवलेला. मायकेल कनाल आणि मेरिल स्वेन ह्या कॅनडातल्या दोघांनी १९८० सालीच लिहून ठेवलंय की भाषा येणं ह्यात व्याकरण आणि कुठे काय बोलावं ह्याची जाण तर येतेच, पण अडलं की वाट काढण्याची हातोटीही येते. मी ती हातोटी म्हणजे भाषा न येण्याचा पुरावा समजत होते.

मध्ये बोलण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'सॉरी, कॅन आय जस्ट ॲड समथिंग?' हे वाक्य चांगलं आहे, पण ते पूर्ण होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. श्वास ऐकू येईल असा आत घ्यायचा आणि 'सॉरी, जस्ट...' एवढ्यावर काम भागतं. फोनवर श्वासही पुरतो.

उलट काही वाक्यं मी मराठीतून उचलून नेली होती, ती मॅडमनी एकेक करून काढून घेतली. 'आय हॅव अ डाउट.' आपल्याला शंका असते, म्हणजे विचारायचं असतं. इंग्रजी कानाला वाटतं, हिचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' पुरे. फोन उचलल्यावर आपण मायेनं 'हं, बोला' म्हणतो, त्याचं मी 'यस, टेल मी' केलं होतं. ते ऐकून समोरचा माणूस हजर झालेल्या आरोपीसारखा बोलायला लागायचा. आणि काही समजावून सांगितल्यावर 'अंडरस्टुड?' असं विचारायचे, 'कळलं ना?' च्या चालीवर. 'डज दॅट मेक सेन्स?' म्हटलं की दोष ऐकणाऱ्यावर जात नाही, माझ्या सांगण्यावर येतो.

राहिला निरोप. बोलणं संपवणं हे केवढं अवघड काम आहे, ह्यावर १९७३ साली इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स ह्यांनी एक अख्खा निबंध लिहिला. दोघांपैकी कुणीही एकदम 'बाय' म्हणून फोन ठेवत नाही. आधी 'वेल...', 'ओके...', 'सो...' असं काहीतरी खालच्या सुरात म्हटलं जातं, म्हणजे माझ्याकडचं संपलं, तुझं काही उरलंय का? नसेल तर दुसराही तसंच काहीतरी म्हणतो, आणि मग निरोप. आपलं 'बरं... चल मग... ठेवू?' दुसरं काय आहे? मला इंग्रजीतलं हे दार दिसतच नव्हतं. समोरचा 'एनीवे...' म्हणाला की मी पुढचा विषय ऐकायला सरसावून बसायचे. एकदा एक बाई मला म्हणाली, "वेल, आय विल लेट यू गो." मी दुखावले. मी कुठे जायचं म्हटलं होतं? मला तर भरपूर वेळ होता. मी म्हणाले, "नो, नो, आय ॲम फ्री!" आणि तिला बिचारीला आणखी दहा मिनिटं बोलत ठेवलं. जायचं तिला होतं. पाहुण्यानं 'तुम्हाला कामं असतील' म्हणत उठावं, तसं ते होतं.

मागचं पान कधीच भरलं. वाक्यं आतल्या बाजूला सरकत सरकत वहीच्या पुढच्या बाजूच्या व्याकरणाजवळ येऊन पोचली, मध्ये चारपाच कोरी पानं उरली आहेत.

परवा त्याच माणसाचा फोन होता, 'बट यू सेड ओके' वाला. ह्या वेळी सांगणारी मी होते. तारखा बदलल्या होत्या, दोन याद्यांपैकी एक थांबवायची होती आणि दुसरी पाठवायची होती. मी सावकाश सांगत होते. तो मध्ये मध्ये म्हणत होता, 'म्‌हम... राइट.' मध्येच म्हणाला, "सॉरी, व्हिच वन?" मी सांगितलं. लिहून घेतल्याचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं. मग माझं संपलं आणि जराशी शांतता झाली.

"ओके," तो म्हणाला.

मी थांबले. मग विचारलं, "सॉरी, ओके ॲज इन...?" म्हणजे कुठलं ओके?

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तो मोठ्यानं हसला आणि पहिल्यापासून सगळं मला पुन्हा म्हणून दाखवायला लागला. दुसऱ्या यादीची तारीख त्यानं चुकीची घेतली होती.